लांबच्या बोयावरची हवा

शिरोबंदरच्या बायका मासळी वाळत घालायला निघाल्या की वाटेत हवा-केंद्राच्या दारात थांबायच्या. दाराशेजारी भिंतीवर एक पडदा होता आणि त्यावर दिवसरात्र दोन रेघा सरकत असायच्या. हिरवी जमिनीची, निळी दर्याची. पडदा बसवला तेव्हा तो कुणी बघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण बायकांनी आपलं आपण ओळखलं की रात्री हिरवी रेघ उंच चढली असली तर वारा पडलेला असतो, पहाटे दंव भरपूर असतं, आणि मासळी पसरायची घाई करण्यात अर्थ नसतो.

"काल रातीक हिरवी माडार चढली मगे," एखादी म्हणायची.

"तुझो घोव घोरत होतो, तेचो वारो तो."

"माझो घोरता तरी. तुझो तोंड उघडा टाकून निजता."

आणि हसत हसत त्या पुढे जायच्या.

थट्टेत खोटं काही नव्हतं. रेघ खरोखरच श्वासाची होती. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते ती दाखवायची. केंद्रातले लोक त्याला सोयीने कर्बवायू म्हणत. रात्री झाडं, माती, गुरं, माणसं, चुलीतले निखारे, सगळेच तो वायू सोडतात. वारा नसला की तो गावावर साचतो आणि हिरवी रेघ चढत जाते. सूर्य वर आला की माड, पोफळी, आंबे, बांधावरचं गवत, सगळे तो पिऊ लागतात, तापलेली हवा ढवळली जाते आणि रेघ खाली उतरते. रोज एक डोंगर आणि रोज एक दरी. निळ्या रेघेत असलं काही नव्हतं. दर्यावर झाडं नाहीत, गोठे नाहीत, चुली नाहीत. पाणी थोडा वायू घेतं, थोडा देतं, पण ते ऋतूच्या चालीने. रात्र काय आणि दिवस काय, निळी रेघ ओहोटीनंतरच्या पुळणीसारखी सपाट असायची. तिच्याबद्दल बायका काही बोलत नसत, कारण बोलण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

त्या सपाट रेघेवर अक्षता तांडेलचं पोट होतं. ती याच गावातली, बाबल तांडेलची मुलगी. शिकायला पुण्याला गेली आणि शिकून परत इथेच आली, याचं गावाला कौतुक होतं आणि थोडं नवलही. केंद्राने समुद्रात एकापुढे एक, यंत्रं बसवलेले तीन तरंगते बोये नांगरले होते. त्यांची कागदावरची नावं आकड्यांची होती. मच्छीमार त्यांना जवळचा, मधला आणि लांबचा म्हणत, आणि पुढे पुढे केंद्रातही तीच नावं चालू झाली. प्रत्येक बोयावर माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर एक वाकडी नळी होती. तिला नाक म्हणत. नाकातून ओढलेली हवा आत एका डबीत जायची. डबीत समोरासमोर दोन आरसे आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाचा एक किरण. तो किरण आरशांवर आपटत हजारो फेऱ्या मारतो आणि मग मावळतो. हवेत कर्बवायू जास्त असला की तो लवकर मावळतो. किती लवकर, यावरून रेघ काढायची. एवढंच ते यंत्र. पण त्याच्या जोरावर जगातल्या मोजक्या ठिकाणांसारखी इथली कोरी हवा, म्हणजे माणसाचा आणि मातीचा हात न लागलेली हवा, मोजली जात होती. पृथ्वी किती तापणार याचा हिशोब अशा कोऱ्या हवेवरून करतात.

कोरी हवा मिळवणं सोपं नव्हतं. बोयाच्या सावलीत मासे जमतात आणि माशांमागे होड्या येतात. होडीवाले नियम धाब्यावर बसवून बोयालाच दोर बांधायचे, इंजिन चालू ठेवायचे, बिडी ओढायचे. निळ्या रेघेवर काटे उभे राहायचे. केंद्रात त्या काट्यांना बिडीच म्हणत. "आज मधल्यावर दोन बिड्या," असं अक्षता म्हणायची आणि त्या पुसून टाकायची.

लांबच्या बोयावर मात्र कधीकधी वेगळीच बिडी उमटायची. तीन काटे, थोडी जागा, पुन्हा तीन काटे. ते तिचे वडील. बाबल एकटाच छोट्या होडीतून लांब जायचा, आणि बोयाजवळून जाताना नाकाला तोंड लावून जोरात फुंकायचा.

"आबा, जगभरचे लोक ती हवा बघतात," ती पहिल्यांदा रागावली होती.

"बघू देत. म्हणतले, शिरोबंदरात कोणतरी जितो आसा."

"मला पुसत बसावं लागतं."

"पूस मगे. पुसलंस की जेवक बस. तुझी आवस म्हणता, चेडू जेवणाच्या वेळेक रेघेत डोळे घालून बसता."

मग तीन काटे दिसले की ती ते पुसायची आणि डबा उघडायची. असं काही वर्षं चाललं.

यंदा पावसाळ्याआधी केंद्राने बोयांमध्ये गाळणी बसवली. ती एक आज्ञावली होती. रेघ एकाएकी वरखाली झाली की तेवढा भाग बोयाच फेकून द्यायचा आणि उरलेली स्वच्छ सरासरी उपग्रहाकडून किनाऱ्यावर पाठवायचा. पुसण्याचं काम संपलं. निळी रेघ आणखी सपाट झाली. काटे होते तिथे आता नुसती रिकामी जागा दिसायची, कापडाला भोक पडावं तशी.

"आता फुंकू नका," तिने बाबलला सांगितलं. "मला काही दिसत नाही."

"तुका दिसणा नाय तर रवला," तो जाळं खांद्यावर टाकत म्हणाला. "दर्याक दिसता."

दसरा झाला आणि कुणाच्या अंदाजात नसलेलं वादळ दर्यात उठलं. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. बाबलची आली नाही. त्याच्या होडीवरचं खूण पाठवणारं यंत्र पहिल्याच तडाख्यात मुकं झालं होतं. शोधपथकाने बोटी पाठवल्या, ड्रोन पाठवले. दक्षिणेला खूप लांब त्याच्या डिझेलचं कॅन तरंगताना सापडलं, म्हणून सगळा शोध तिकडे गेला. पुढे आणखी काही सापडेना. शेवटी शोध थांबवल्याचा निरोप आला. तो आणणाऱ्या माणसाने चप्पल अंगणातच काढली आणि पायरीवर उभं राहूनच बोलला.

त्यानंतर अक्षताच्या काकांनी भटजींशी बोलणं लावलं. देह मिळाला नाही तर दर्भाचा करून त्याला अग्नी देतात, तसं. आईने, सुभद्राने, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती दुपारी बाबलचं ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी मांजरासमोर ओतायची.

"भटजी परवाचो दिवस म्हणतत," ती एका सकाळी अक्षताला म्हणाली. "तू शिकलेली मगे. तू सांग. तो नाय म्हणान तू सांगलंस तर मी ऐकतलंय. काकांचा नाय ऐकूचंय."

अक्षताने चप्पल घातली. ती केंद्रात गेली, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते तिला कळेना.

तिने लांबच्या बोयाची रेघ उघडली. वादळाच्या दिवसांत ती तुटलेली होती, ते साहजिकच होतं. पण वादळ सरल्यावरही रेघेत भोकं होती. दिवसाढवळ्या, पश्चिमेचा खारा वारा सारखा वाहत असताना, म्हणजे जमिनीच्या हवेचा तिथे संबंधच नसताना. भोकं एकसारखी नव्हती. कधी खूप, कधी एखादंच.

केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमांगी रानडे शेजारच्या टेबलावर होत्या. कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. अक्षताने रजा घ्यावी म्हणून त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं.

"नाकात मीठ बसलं असेल," त्या रेघ बघून म्हणाल्या. "वादळानंतर बसतंच. हवा अडकत आत येते आणि गाळणी ती फेकते."

"मीठ बसलं तर भोकं वाढत जातील. ही कमी होत चालली आहेत."

"मग एखादी होडी बांधली असेल."

"वादळानंतर अजून कुणी लांब गेलेलं नाही. बंदरावर सगळ्या होड्या आहेत. मी येताना बघितल्या."

रानडे मॅडमनी चष्मा काढला. "तुला काय म्हणायचंय, ते स्पष्ट म्हण."

अक्षताने ते मनात अनेकदा म्हटलं होतं, पण तोंडाने म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक निघाला. "मॅडम, जमिनीवर एक माणूस श्वास सोडतो, तो कुठल्या कुठे मिसळून जातो. शेजारी झाड असतं, म्हैस असते, शंभर माणसं असतात. शोधूनही सापडणार नाही. पण तिथे, लांबच्या बोयावर, दुसरं काहीच नाही. तिथे नाकाजवळ एक माणूस नुसता बसून राहिला तरी रेघेवर तो दिसेल. आणि आपण अशी गाळणी बसवली आहे की तेवढाच नेमका दिसणार नाही."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी बोयाची तब्येत दाखवणारं पान उघडलं. वादळात त्याच्या सौरपट्ट्या फुटल्या होत्या. बॅटरी जेमतेम होती. गाळणी उघडून कच्ची रेघ मागवली तर उपग्रहाशी सारखं बोलावं लागेल, बॅटरी संपेल, आणि इतक्या वर्षांची अखंड नोंद तुटेल.

"नोंद तुटली तर मला खूप जणांना उत्तर द्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि काही निघालं नाही तर तुला पुन्हा एकदा तेच सगळं सोसावं लागेल. त्याची मला जास्त काळजी आहे."

"आईला परवापर्यंत उत्तर हवंय," अक्षता म्हणाली.

मॅडमनी आज्ञा स्वतः टंकली. नंतर विचारणारे आपल्याला विचारतील, तिला नको, एवढ्यासाठी.

कच्ची रेघ यायला वेळ लागला. पडद्यावर आधी सपाट निळा पट्टा आला. मग आणखी सपाट. मॅडम चहा करायला उठल्या. त्या किटली ठेवतात तोच एक काटा उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. थोडी जागा. पुन्हा तीन.

अक्षताने तोंडावर हात ठेवला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. त्या आधी शास्त्रज्ञ होत्या. "धूरवायू बघ."

धूरवायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तेच यंत्र तोही मोजायचं. इंजिन असो, चूल असो, बिडी असो, जळणारं काहीही कर्बवायूबरोबर धूरवायूही सोडतं. जमिनीवरून येणाऱ्या हवेतही तो असतोच, कारण जमिनीवर कुठे ना कुठे काहीतरी जळत असतं. माणसाच्या श्वासात मात्र तो नावापुरता.

धूरवायूची रेघ खाली सरळ पडली होती. तिच्यावर एकही काटा नव्हता.

"नुसता श्वास आहे," मॅडम म्हणाल्या.

शोधपथकाला फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं, रेघही मागवून घेतली. पण हवेच्या रेघेवरून बोट सोडायचा नियम त्याच्याकडे नव्हता. वर विचारतो, उद्या कळवतो, असं तो म्हणाला. तो उद्धट नव्हता. फक्त त्याच्याकडे उद्या होता.

पेद्रू फर्नांडिसचा ट्रॉलर बंदरात होता. पेद्रू आणि बाबल लहानपणापासून एकमेकांची जाळी चोरत आणि एकमेकांच्या लग्नात नाचत मोठे झालेले. अक्षता धक्क्यावर आली तेव्हा तो दोर विणत बसला होता.

"पेद्रूमामा, लांबच्या बोयावर जायचं आहे."

"कित्याक?"

"तिथे कोणीतरी श्वास घेता."

पेद्रूने तिच्याकडे बघितलं, मग दर्याकडे. "तुझ्या यंत्राक कळला?"

"होय."

"माझी मशीन बिघडली की ती माका एक दीस आधी सांगणा नाय. तुझा यंत्र दर्यातलो माणूस सांगता." तो उठला, गुडघे धरत. "बाबल आसा तर तेका मी आधी दोन शिव्यो घालतलंय. मग तू काय ती रड."

दुपार कलताना ते निघाले. पेद्रू, त्याचा खलाशी आणि अक्षता. लाटा अजून मोठ्या होत्या आणि ट्रॉलर सारखा नाक खुपसत होता. अक्षताच्या हातात ट्रॉलरवरचा उपग्रह-फोन होता. मॅडम केंद्रात बसून सांगत होत्या: काटे आले, थांबले, पुन्हा आले. मग बराच वेळ काहीच नाही.

"बॅटरी संपली?" अक्षताने विचारलं.

"नाही. रेघ चालू आहे. सपाट आहे."

वर्षानुवर्षं तिने मोजलेली कोरी हवा ती हीच. आज त्या कोरेपणाची तिला भीती वाटत होती.

बोया आधी पेद्रूला दिसला. पिवळा रंग, मोडक्या पट्ट्या, एका अंगाला झुकलेला. त्याच्या लोखंडी पिंजऱ्यात, पट्ट्यांच्या सावलीत, दोराने बांधलेलं एक माणूस होतं. मान छातीवर पडली होती. शोध सगळा दक्षिणेला गेल्यामुळे इकडे कुणी फिरकलंच नव्हतं. अक्षता उभी राहिली. पेद्रूने तिचा दंड धरला नसता तर ती पाण्यातच गेली असती.

"आबा," तिने हाक मारली. "आबा, मी आलंय."

माणसाने मान उचलली. काळी दाढी, सुजलेले ओठ, चाळिशीचा चेहरा. तो बाबल नव्हता.

पेद्रूने ट्रॉलर अलगद बोयाला लावला, खलाशी वर चढला, त्याने दोर कापला आणि त्या माणसाला उचलून खाली दिलं. अक्षताने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. तिचे हात ते सगळं करत होते. ती स्वतः अजून बोयाकडेच बघत होती, जणू त्या पिंजऱ्यात आणखी एखादं माणूस मावत असेल.

तो कच्छचा निघाला. मांडवीचा इलियास, एका लाकडी गलबतावरचा स्वयंपाकी. वादळात गलबत फुटलं आणि बाकीचे कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. त्याची हिंदी मोडकी होती, आणि घसा फुटल्यामुळे आणखी मोडकी झाली होती.

"एक चाचा था," तो म्हणाला.

अक्षताचा चमचा तिथेच थांबला.

"छोटी बोट में. मेरे को पानी से खींचा. फिर उसकी भी मशीन बंद. बोट में पानी भर गया. हम लोग इधर तक आये, रस्सी बांधी. ऊपर एक का ही जगह था. चाचा बोले, तू चढ़. मैं नहीं चढ़ता था. गाली दिये. चढ़ाया, बांधा."

"आणि तो?" पेद्रूने विचारलं. "चाचा किधर?"

"नीचे, अपनी बोट में. उलटी हो गयी थी, उसके ऊपर लेटे थे. पानी का डिब्बा मेरे को दिया. रोज़ बोलते थे, इस पाइप में फूंको. तीन बार. मेरी बेटी देखेगी. रोज़ नहीं फूंका तो नीचे से चिल्लाते थे." त्याने डोळे मिटले. "मैं समझा, चाचा का दिमाग गया. पाइप में कौन देखेगा. लेकिन फूंका. क्या करता, वो चिल्लाते थे."

"आता कुठे आहे तो?" अक्षता मराठीतच बोलली, पण त्याला कळलं.

"कल सुबह. लहर बड़ी थी. बोट इस खंबे को ठोकती थी, बहुत जोर से, पाइप टूट जाता. चाचा बोले, नाक टूट गया तो बेटी को कुछ नहीं दिखेगा. रस्सी काट दी." त्याने कुठल्या तरी दिशेला बोट उचललं. "उधर गये. बोट के ऊपर लेटे हुए. हाथ किया था."

 पेद्रूने ठरवलेल्या शिव्या तोंडातल्या तोंडात दिल्या आणि तोंड फिरवून बाह्यांनी पुसलं. मग तो पाण्याकडे बघू लागला. लाकडाचा एक तुकडा त्याने पाण्यात टाकला आणि तो कुणीकडे जातो ते बघत राहिला.

"पाण्याची वढ दक्षिणेक आसा," तो म्हणाला. "पण थोडी किनाऱ्याक. ते लोक कॅन बघून पुढे पुढे गेले. तो तेंच्या मागे रवलो." त्याने हिशोब जुळवला. "कालपासून... मधल्या बोयाच्या आसपास. बोयो हाताक लागलो तर थंयसर फुंकतलो."

अक्षताने चालूच असलेला फोन उचलला. मॅडमनी सगळं ऐकलं होतं. मधल्या बोयाची गाळणी उघडायची आज्ञा त्यांनी दिलीही होती.

इलियासला दवाखाना हवा होता. मधला बोया सरळ वाटेवर नव्हता, बराच वळसा होता. पेद्रूने अक्षताकडे बघितलं, कारण हे तिने म्हणायचं होतं, आणि तिच्या तोंडून ते निघत नव्हतं. मांडीवर डोकं असलेल्या या माणसालाही कच्छमध्ये कुणीतरी असणार. त्या घरीही ताट वाढलेलं असेल.

इलियासला भाषा कळत नव्हती, पण दोघांचे चेहरे कळले. "पहले उधर," तो म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.

ट्रॉलर वळला. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा खारा वारा मंदावत गेला आणि मग पार पडला. दर्या तेलासारखा दिसू लागला. रेघेसाठी यापेक्षा चांगली हवा नव्हती. अक्षताने फोन कानाला गच्च धरला होता.

"सपाट," मॅडम म्हणायच्या. थोड्या वेळाने पुन्हा, "सपाट."

अंधार उतरू लागला तसा पेद्रूने गाल वर केला. त्याला वारा आधी गालावर कळायचा. "मतलई सुटलो," तो म्हणाला. जमीन निवली की तिच्यावरची हवा दर्याकडे वाहू लागते. शिरोबंदरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडत आले होते. त्यालाच मतलई म्हणत.

"अक्षता," मॅडमचा आवाज आला. "रेघ वर जाते आहे."

"किती?"

"हळूहळू. पण जाते आहे."

"धूरवायू?"

 "तोही. थोडा. जमिनीची हवा मधल्या बोयापर्यंत पोचली आहे."

"आणि काटे?"

"चढावर बारीक बारीक दात आहेत. जमिनीच्या हवेला असतात तसे. एका ठिकाणी तीन ओळीने आहेत. मग नाहीत." त्यांनी घसा साफ केला. "मी हो म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. सकाळी खारा वारा परत आला की रेघ स्वच्छ होईल आणि नक्की सांगता येईल. आत्ता नाही."

सकाळपर्यंत थांबायला उलट्या होडीवरच्या माणसाकडे सकाळ होती की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय म्हणता ती?" पेद्रूने विचारलं.

"कळणा नाय, मामा."

"जाऊया?"

"जाऊया. पण अजून जवळ गेलो की आपल्या इंजिनाचो धूर रेघेत जातलो. मग यंत्राक काय्येक कळूचा नाय."

"मगे डोळ्यांनी बघू," पेद्रू म्हणाला आणि त्याने खलाशाला पुढच्या दिव्याकडे पाठवलं.

अक्षता कठड्याशी गेली. वारा आता तिच्या तोंडावर येत होता. शेणाचा, ओल्या पेंढ्याचा, पालापाचोळ्याच्या धुराचा, कापलेल्या भाताचा वास त्याच्यात होता. लांबवर किनाऱ्याचे दिवे दिसत होते, आणि त्या दिव्यांमागे साऱ्या मुलखाने दिवसभर धरून ठेवलेला श्वास सोडायला सुरुवात केली होती. झाडं सोडत होती, माती सोडत होती, दावणीची गुरं आणि ओटीवर बसलेली माणसं सोडत होती. तो सगळा श्वास पाण्यावरून सरकत त्या एका वाकड्या नळीशी येऊन उभा राहत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की जमिनीने आज रात्रीपुरतं गप्प राहावं.

दिव्याचा झोत पाण्यावर फिरू लागला. पेद्रूने इंजिन हळू केलं. एवढ्या श्वासांच्या गर्दीत, त्या तीन बारीक दातांमागे, एक माणूस असेल का?